डब्यात साठवलेलं नेट

रविवारी सकाळी बू पार्तियेमच्या, म्हणजे पार्तियेमबाईच्या, ओसरीवर अख्खी गल्ली येऊन बसली, ती काही रेत्नोच्या प्रेमापोटी नव्हे. पिवळ्या भाताचा डोंगर रचलाय, कोंबडी तळलीय, ही बातमी आदल्या दिवशीच पसरली होती. तरी निमित्त रेत्नोचंच होतं. हाँगकाँगला परक्यांच्या घरी भांडी घासता घासता बूच्या या लेकीनं पदवी मिळवली होती, आणि आज तिचं नाव पुकारलं की तिथल्या सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर तिच्या आईचा चेहरा दिसणार होता. त्यासाठी तिनं लॅपटॉप पाठवला होता, घरात वायफाय बसवून दिलं होतं. बूनं ही गोष्ट बाजारात, मशिदीच्या अंगणात, जिथे कान दिसेल तिथे सांगून ठेवली होती. आज चेहरा दिसला नसता, तर गावाला तोंड दाखवायची सोय उरली नसती.

आणि लॅपटॉप म्हणत होता, जोडणी नाही.

लॅपटॉपसमोर पाक कारसोनो, म्हणजे कारसोनोबुवा, मांडी ठोकून बसले होते. लग्नात भोंगे भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. विजेवर चालणारं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता, आणि तो खोडून काढायची कुणाची छाती नव्हती, कारण भोंगे त्यांच्याकडेच होते.

"घाबरू नका हो, बू. हे माईकसारखंच असतं." त्यांनी लॅपटॉप बंद केला, चालू केला. कडेचं बारकं बटण सरकवलं. विमानाचं चिन्ह दाबलं, पुन्हा दाबलं. पडद्यावर पलीकडच्या शाळेच्या वायफायचं नाव येत होतं, बूच्या घरचं काही येत नव्हतं.

"परवापर्यंत तर चालत होतं," समोरच्या घरातली बू मुर्सिती म्हणाली. "आमची पोरं इथेच पायरीवर बसून बघायची. मग हिनंच सांगितलं, कंपनीवाले संध्याकाळी नेट झोपवतात म्हणून."

बू पार्तियेम कोंबडीवरच्या माशा हाकलायला लागली. माशा नव्हत्याच.

खरी गोष्ट वेगळी होती. वायफाय बसल्यापासून रोज पायरीवर पोरांची जत्रा भरायची, आणि पोरांना बोलवायच्या निमित्तानं त्यांचे बापही येऊन बसायचे. हे फुकटे असेच उपसत राहिले तर रविवारपर्यंत आपल्या वाट्याला थेंब उरणार नाही, अशी बूला धास्ती पडली. तिनं ते लुकलुकणारं खोकं उचललं आणि बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घातलं. वायरीपुरतं भोक पाडलं, झाकण गच्च दाबलं आणि डबा पलंगाखाली सरकवला. पायरी ओस पडली. आता नेट साठतंय, या आनंदात बूला झोपही छान लागली.

"खोकं कुठंय, बू?" पाक कारसोनोंनी विचारलं.

"आहे आत. मजेत आहे."

"आत म्हणजे कुठे?"

"बायकांच्या खोलीत डोकवायचं वय राहिलंय का तुमचं?"

ओसरी खदखदली. पाक कारसोनोंनी लॅपटॉप चहाच्या ट्रेसारखा दोन्ही हातांवर धरला आणि घरभर फिरायला लागले. चुलीपाशी काही नाही. न्हाणीपाशी काही नाही. खोलीच्या दाराशी मात्र घरचं नाव उगवलं, एक बारीक रेघ दिसली, आणि लगेच गेली.

"इथेच आहे! पण कशानं तरी त्याचा गळा दाबलाय. पत्रा-बित्रा आहे का मध्ये? पत्र्यातून वायफाय बाहेर पडत नाही."

बू दार अडवून उभी राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मोबाईलची रेंज गावात जेमतेम आवाज येण्यापुरती, तोही तुटक. "आई, अजून तू दिसत नाहीयेस. माझं नाव आलंच आता."

डबा बाहेर काढला तर सगळ्यांदेखत शोभा होणार होती. या गावात चोराला लोक विसरतात, कंजुषाला विसरत नाहीत. पण लेकीचा तो आवाज बूला सोसेना.

"खड्ड्यात गेली अब्रू," ती म्हणाली आणि पलंगाखाली शिरली.

वायर पुरेल तिथवर डबा घेऊन ती दारात आली. ओसरी खुलली. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं कुणाच्याच घरी नसतात, चिकट तांदळाचं कुरकुरीत रेंगिनांग असतं. "कशाला उगीच त्रास घेतलास," म्हणत बू मुर्सितीनं हात पुढे केलासुद्धा. झाकण उघडलं. आत हिरवे दिवे लुकलुकत होते.

"अगं बाई! कंपनीनं नव्हे, तूच झोपवलंस होय!"

"हो, मीच. काय शिव्या द्यायच्या त्या भात खाऊन झाल्यावर द्या."

पाक कारसोनोंनी खोकं काढून कपाटावर ठेवलं. रेघा भराभर चढल्या. पडद्यावर सभागृह आलं, काळ्या झग्यात रेत्नो आली, आणि तिचं नाव पुकारलं गेलं. तिच्या मागच्या मोठ्या पडद्यावर बू पार्तियेम दिसली, रिकामा डबा छातीशी कवटाळलेली.

"आई, तो डबा कशाला धरलायस?"

ओसरी कान टवकारून बसली. बूला काहीही सांगता आलं असतं.

"तुझं नेट ठेवलं होतं गं यात," ती म्हणाली. "कुणी संपवू नये म्हणून."

रेत्नो हसली. हसता हसता तिनं झग्याच्या बाहीत तोंड लपवलं, आणि बराच वेळ वर काढलं नाही. बूच्या डोळ्यांनाही धार लागली. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बू मुर्सिती नाक ओढत पुढे सरकली आणि तिनं डबा बूच्या हातून काढून घेतला.

"दे इकडे. जगासमोर रिकामा डबा घेऊन बसलीय. रेंगिनांग भरून पाठवते. ते तरी वाटून खा."