उजव्या नळीतले धुके

मित्रांनो, माझी उजवी नळी आता स्वच्छ आहे. पण तिच्यामुळे एक तलाव जवळजवळ हरवला होता. मी एक जुनी दुर्बीण आहे. अमरावतीचे घड्याळजी ताहेरभाई यांनी मला भंगाराच्या ढिगातून उचलले, माझा तुटका पट्टा शिवला आणि दर हिवाळ्यात मला शहराच्या कडेच्या तलावावर नेऊ लागले. जानेवारीतल्या एका रविवारी ते तिथली पाखरे मोजून आकडा वहीत लिहीत. तलवार बदके, थापट्या, चक्रवाक असे दूरदेशीचे पाहुणे माझ्यातून जवळ येत, तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटे.

घड्याळजी उजव्या डोळ्याला भिंग लावतो आणि डावा मिटतो. ताहेरभाई माझ्यातूनही तसेच पाहत. माझी डावी नळी त्यांनी कधी वापरलीच नाही. शिवाय चालती वस्तू उघडायची नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. पावसाळाभर मी ओलसर भिंतीच्या कोनाड्यात पडून असे. हळूहळू उजव्या नळीत बुरशी धरली. मला ते कळत होते, सांगता येत नव्हते.

वहीतला आकडा उतरू लागला. दोनशे बारा, एकशे चाळीस, एकसष्ट. अंधुक दिसे ते थंडीतल्या धुक्यामुळे, असे ताहेरभाईंना वाटे. २००६ साली तलावाचा उथळ काठ भरून तिथे बाग करावी, अशी चर्चा शहरात सुरू झाली. पाखरे त्याच काठाला उतरत. सोमवारी त्यावर सभा होती आणि तीत ताहेरभाईंची वही वाचली जाणार होती.

त्या रविवारी तलावाचा नवा चौकीदार सूर्यभान जवळ आला. विहीर आटल्यामुळे मोर्शीकडची त्याची संत्र्याची बाग उभी वाळली होती, म्हणून तो शहरात आला होता.

"किती झाले, ताहेरभाऊ?"

"सत्तावन्न. खतम झाला हा तलाव."

सूर्यभानने कपाळाशी हात धरून पाहिले. "मस्करी करून राहिले का? त्या बेशरमाच्या झुडपापाशीच शंभरक बसून हायेत."

"दुर्बीण तुह्याजवळ हाये का माह्याजवळ?"

"मंग द्या मले."

त्याने मला दोन्ही डोळ्यांना लावले. "एका डोयात धुकं हाये, एकात ऊन. तुमी डावा डोया कावून मिटता जी?"

ताहेरभाईंनी मला परत घेतले. त्यांनी प्रथमच डावा डोळा उघडला आणि दोनदा मोजले. एकशे शहाण्णव.

"किती वर्षं मी चुकीचं लिहिलं, सूर्यभान. आता सभेत कोन्त्या तोंडानं सांगू?"

"वाळलेलं झाड वाळलं म्हनूनच लिहा लागते, भाऊ. पन जितं झाड वाळलं म्हनून लिहिलं, तर त्याले कोनी पानी देत नाही."

सोमवारी ताहेरभाईंनी आकड्याआधी आपली चूक सांगितली. "घड्याळजीचंच घड्याळ बंद होतं म्हना," असे कोणीतरी म्हणाले आणि सभा हसली. तेही थोडे हसले. काठ भरण्याचा विषय त्या वर्षी मागे पडला. घरी येऊन त्यांनी आपला नियम मोडला आणि मला उघडले.

आता दर जानेवारीत ते आधी मला सूर्यभानच्या हातात देतात. मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरी असेल तर तिला कोरड्या जागी ठेवा. ती चालते आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. अधूनमधून उघडून पाहा. आणि तिच्यातून जे दिसेल ते वहीत लिहिण्याआधी, ती एकदा शेजारी उभ्या असलेल्या माणसाला द्या.