मामांचा लाकडी कान

मित्रांनो, मी एक जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. हातभर लांब, लाकडी मुठीचा. पण स्क्रू मी फारसे फिरवलेच नाहीत. गॅरेजवाले मामा माझं टोक चालू इंजिनावर टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून आतला बिघाड सांगत. एकदा तर त्यांनी मला एका गाडीमालकाच्या पोटाला लावलं आणि त्याचं अपचन अचूक ओळखलं. खोटं वाटतं? वाटू दे.

मग त्यांची भाची काम शिकायला आली. मामा तिला बजावत, "वरून हलकी टिकटिक आली तर टॅपेट, म्हणजे झडपेवरचा भाग, सैल झालाय. त्याचं एवढं काही नाही. खालून जड ठकठक आली तर बेअरिंग गेलं. मग गाडी जागची हलवायची नाही."

पुढे पुढे मामा मला कानामागे फारच दाबू लागले. तिथे वळ उठायचे. त्यांना ऐकू येणं कमी होत चाललं होतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. मला ऐकता येतं, मित्रांनो. सांगता येत नाही.

एके सकाळी शाळेची व्हॅन आली. आत मुलं दाटीवाटीनं बसलेली. मामांनी मला इंजिनाच्या खालच्या अंगाला टेकवलं.

ठक्. ठक्. ठक्. माझी मूठ शहारली.

"टॅपेट आहे. जाऊ दे," मामा म्हणाले.

भाचीनं मला उचललं, ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "मामा, आवाज खालचा आहे!"

"कालची पोर तू, मला शिकवतेस?"

"अहो ताई, शाळेची घंटा होईल," म्हणत व्हॅनवाले काका हसत हसत आत बसले.

भाचीनं खिडकीतून हात घालून किल्लीच काढून घेतली. इंजिन थांबलं. "मामा, तुम्हाला ऐकू येत नाही हो," ती हळूच म्हणाली.

मामा व्हॅनकडेच पाहत होते. भाचीची चाहूल लागून वळले. "काय म्हणालीस?"

काकांचं हसू मावळलं.

मुलं चालत शाळेत गेली. ऑइल काढलं, तर त्यात धातूचा भुगा चमकत होता. आणखी थोडा रस्ता, आणि आतला रॉड इंजिन फोडून बाहेर आला असता. मामांनी मला भाचीच्या हातात दिलं.

आता मी तिच्या कानाशी असतो. पण मला चैन नाही. त्या व्हॅनआधी किती गाड्या 'टॅपेट आहे' ऐकून या दारातून बाहेर पडल्या! त्या अजून रस्त्यावर आहेत. मित्रांनो, तुम्ही बसलेल्या गाडीच्या पोटातून जड ठकठक आली, तर चालवणाऱ्याला थांबवा. रागावला तरी थांबवा.