बाराचा टोल

ताटावर ताट पालथं घालून धुरपदाबाई मागच्या पडवीत बसल्या होत्या. उन्हाची तिरीप तुळशीच्या कट्ट्यावरून उतरून धुण्याच्या दगडावर आली होती. रोज ती कट्ट्यावर असतानाच त्यांचा पहिला घास व्हायचा.

"आई, एक वाजायला आला," त्यांची सून अनुपमा स्वयंपाकघरातून म्हणाली. "भाकरी वातड होईल."

"होऊ दे. टोल न्हाई पडला अजून."

गल्लीच्या मागच्या अंगाला मिशनचं दगडी चर्च होतं आणि त्याच्या मनोऱ्यातली घंटा रोज बाराला वाजायची. ती कानावर पडल्याशिवाय धुरपदाबाई घास उचलत नसत. चहापाणी चाले, घास नाही. सकाळी तुळशीला पाणी, तिन्हीसांजेला दिवा, सोमवार, एकादशी हे त्यांचे बाकीचे नेम सगळ्यांना कळायचे. हा एकच कुणाला कळायचा नाही. "मिशनच्या घंटेचा आन् तुमचा काय संबंध वं?" असं शेजारणींनी विचारलं, की त्या एवढंच म्हणायच्या, "सासूबाईंनी घालून दिलाय." आणि सासूनं घालून दिलेल्याला कारण विचारायची पद्धत आपल्याकडं नाही.

दौंडला लेकीकडं गेल्या की मात्र नेम सुटायचा. गावची वेस ओलांडली की नेम नाही, अशी सवलत सासूबाईंनीच ठेवली होती. "दौंडात काय, सारखंच भोंगं वाजत्यात. कुठल्या कुठल्या गाडीला जेवायचं?" असं म्हणून धुरपदाबाई हसायच्या.

तेवढ्यात मुलगा विश्वजीत जेवायला आला. भुसार मालाचं त्यांचं दुकान बाजारपेठेत होतं. हात धुता धुता तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "व्हय, फोटो आजोबांचा द्या. खाली लिहा, इंग्रजांच्या छावणीला धान्य पुरवणारे जुने घराणे. व्हय, साहेबाच्या काळापासून." फोन ठेवून तो म्हणाला, "शहराची स्मरणिका निघतीय, आई. जुन्या इमारती, जुनी घराणी. आपलं पहिल्या पाच पानांत येतंय."

"येऊ दे," धुरपदाबाई म्हणाल्या.

"तू अजून जेवली नाहीस?"

"घंटा वाजली नाही आज," अनुपमानं सांगितलं.

"आता कुठली वाजणार? मनोऱ्याला वरून तडा गेलाय. पुण्याचा इंजिनिअर बघून गेला. काल संध्याकाळी क्रेन लावून घंटा खाली घेतली. दिवाळीच्या आत काही ती वर जात नाही."

धुरपदाबाईंनी पालथं ताट पुन्हा नीट बसवलं. फाल्गुनाचे दिवस होते. दिवाळी कुठल्या कुठं होती.

विश्वजीतनं मोबाईल काढला, कुठल्याशा देवळातली घंटा शोधली आणि आईच्या कानाजवळ धरून वाजवली. "घे. झाला तुझा टोल. बस जेवायला."

"लई गोड हाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "कुठल्या गावची?"

"ते काय माहीत."

"मग त्या गावच्या बाईला जेवायला बसव."

तो हसला. मग म्हणाला, गुरुजींना विचारू, नेमाला काही उतारा असेल. त्यांनी मान हलवली. गुरुजींनी दिला असता तर गुरुजींनी सोडवला असता, हा त्यांनी दिलेलाच नव्हता. त्या तांब्याभर पाणी प्यायल्या आणि ताटातली भाकरी दारच्या गाईला घालून आल्या.

तिन्हीसांजेला दिवा लावून झाला, तरी त्या जेवायचं नाव काढीनात. अनुपमा तांदूळ निवडायला त्यांच्यापुढं येऊन बसली. ही सून पाबळची, शिकलेली, पण सासूचा शब्द खाली पडू न देणारी. बराच वेळ खडे बाजूला काढत राहिली.

"आई, दिवाळीपर्यंत असं उपाशी राहणार आहात का?"

"न्हाई गं. एवढी ताकद कुठाय."

"मग नेम सोडणार?"

धुरपदाबाईंनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. हेच तर दुपारपासून त्यांना भुकेपेक्षा जास्त कुरतडत होतं. तीन जणींनी एका हातातून दुसऱ्या हातात दिलेली वस्तू आपल्या हातातून खाली पडायची, तीही इतकी वर्षं सांभाळल्यावर.

"मला निदान सांगा तरी," अनुपमा म्हणाली, "हा नेम आहे कशाचा?"

सासूबाईंनी, म्हणजे विठाबाईंनी, हे सांगितलं होतं ते असंच निवडणं करताना. त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. पुरुषांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, अशी बोलीही होती. धुरपदाबाईंनी एकदा दाराकडं पाहिलं. विश्वजीत दुकानात होता.

"आपल्या घरातली पहिली बाई सगुणा. छपन्नच्या दुष्काळात आली, सव्वाशे वर्सांमागं. करजतीकडनं चालत, काखंत पोरगं. नवरा वाटंतच गेला. घोडनदीच्या काठाला येऊन पडली तवा अंगावर धड लुगडं न्हवतं. मिशनवाल्यांनी चिंचंखाली कांजीच्या कढया लावल्या व्हत्या. घंटा तवा न्हवती, चर्चच न्हवतं. दौंडच्या रेल्वेतून रुळाचा एक तुकडा आणून चिंचंला टांगला व्हता. बाराला त्याच्यावर टोल पडायचा आन् बाया पंगतीला बसायच्या. सगुणा तिथं बसली. पोरगं जगलं. ते पोरगं म्हंजी तुझ्या नवऱ्याचा पणजा."

अनुपमाचे हात थांबले होते.

"पुढं तिथंच दगड वाहायचं काम निघालं. त्या मनोऱ्याचं. तिच्या डोक्यावरनं किती दगड गेलं असतील, देवाला ठावं. पंगतीतल्या लई जणी मिशनच्या झाल्या. ही न्हाई झाली. हिनं आपली माळ घातली, तुळस लावली. पण बोलली, ज्या टोलानं माझ्या लेकराच्या तोंडात घास पडला, त्यो पडल्याबिगर ह्या घरातली बाई घास घेणार न्हाई."

"मग पुरुषांना का नाही सांगायचं?"

"भावकी वाढली, जमिनी झाल्या, दुकान झालं. लोकं टोमणं मारायची ना, मिशनच्या कढईवर वाढलेली म्हणून. बापयांस्नी ते सोसलं न्हाई, घरात त्याचं नावच काढू दीनात. बायांनी आपलं खाली मान घालून जपलं."

"आणि स्मरणिकेत ह्यांनी लिहिलंय की छावणीला धान्य पुरवणारे…"

"लिहू दे," धुरपदाबाई हसल्या. "धान्याचंच हाय की आपलं. आधी खाल्लं, मग विकलं."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोघी मिशनच्या आवारात गेल्या. धुरपदाबाईंच्या हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या होत्या. त्या कशासाठी घेतल्या, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

चिंच अजून होती. खाली पिकलेल्या चिंचांचा सडा पडला होता आणि ग्लॅडिसबाई त्या टोपलीत गोळा करत होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या नर्सला सगळं शिरूर अजून सिस्टरच म्हणायचं. विश्वजीतच्या जन्माच्या वेळी धुरपदाबाईंच्या उशाशी त्याच होत्या. घंटा वाजवायचं काम त्यांच्या नवऱ्याचं, फिलिपचं. तो गेल्यापासून दोर सिस्टरच ओढायच्या. त्या मनोऱ्याशेजारच्या खोलीतच राहत होत्या.

घंटा चिंचेखाली गोणपाटावर ठेवलेली होती. धुरपदाबाईंनी जन्मभर ऐकलेली वस्तू आज पहिल्यांदा पाहिली. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ती लहान होती.

"काय धुरपदाबाई, आज इकडं वाट चुकलात?"

"काल टोल न्हाई पडला, सिस्टर."

"कसा पडेल? ही बघा, महाराणी जमिनीवर आलीय." ग्लॅडिसबाईंनी वाकवलेल्या बोटानं घंटेवर टकटक केलं. ठप्प आवाज आला. "भुईला टेकली की तिचा गळाच बसतो. पण तुम्हाला काय हो त्याचं?"

मग अनुपमानंच सांगितलं. कालचं ताट, रात्रीचा उपास, सगुणा, सगळं. धुरपदाबाई अवघडून चिंचेच्या खोडाकडं पाहत राहिल्या. आपल्या घरातली गोष्ट इथं उघड्यावर सांगितली जातेय, हे त्यांना लागतही होतं आणि कुठंतरी गार वाटतही होतं.

ग्लॅडिसबाईंनी टोपली खाली ठेवली.

"फिलिप गेला तेव्हापासून मी रोज म्हणते, कशाला ओढायचा दोर. घड्याळं आहेत, मोबाईल आहेत. कोण ऐकतंय? मला वाटायचं, मी पारव्यांसाठीच वाजवते. बिचारे रोज दचकून उडतात." त्यांनी वर मनोऱ्याकडं पाहिलं. "आणि तुम्ही तिकडं ताट घेऊन बसायच्या?"

"व्हय."

"रोज?"

"रोज. एकदा तुमाला उशीर झाला तवा मी मनातल्या मनात लई बोलले तुमाला."

"काय बोललात?"

"ते कशाला आता."

दोघी हसल्या. मग ग्लॅडिसबाईच म्हणाल्या, "माझी आजेसासूही त्या पंगतीतलीच. कोण जाणे, तुमच्या सगुणेच्या मांडीला मांडी लावून बसली असेल." आणि एकदम काही आठवल्यासारख्या त्या खोलीमागं गेल्या. तिथं पाण्याच्या टाकीचं पत्र्याचं झाकण वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक लोखंडी वजन ठेवलेलं होतं. हातभर लांबीचा रूळ. एका टोकाला भोक.

"फिलिप म्हणायचा, हा जुना टोल आहे, भंगारात घालू नकोस. मी झाकणावर ठेवला. तेवढाच कामाला."

तिघींनी मिळून तो उचलून आणला. घंटेचा सोडवलेला दोर तिथंच पडला होता. अनुपमानं तो भोकातून ओवला आणि चिंचेच्या खालच्या फांदीवरून टाकून गाठ मारली. धुरपदाबाईंनी रुळावरचा गंज पदरानं पुसला. मग अनुपमाला त्यांनी घरी पाठवलं, पडवीत उभी राहून ऐक म्हणून.

बाराला ग्लॅडिसबाईंनी हातोडीनं टोल दिला. आवाज घंटेसारखा गोड नव्हता. सरळ, कोरडा होता. छातीत जाऊन बसणारा. पारवे मात्र तसेच उडाले.

धुरपदाबाईंनी मोबाईल कानाला लावला. "आला का गं?"

"नाही आई. समोरच्या बिल्डिंगीतल्या मिक्सरचा येतोय तेवढा."

मनोरा उंच होता, चिंच ठेंगणी. मधे चार मजले उभे राहिले होते. ग्लॅडिसबाईंचा चेहरा उतरला. पण धुरपदाबाईंनी फोन बंद केला आणि त्या चिंचेच्या मुळाशी मांडी घालून बसल्या.

"सगुणा तरी कुठं घरात बसून ऐकत व्हती," त्या म्हणाल्या. "तिला घर न्हवतंच." त्यांनी फडक्याची गाठ सोडली. "या सिस्टर. दोन आणल्यात."

ग्लॅडिसबाईंनी डोळे मिटून दोन शब्द पुटपुटले. धुरपदाबाईंनी ताटाभोवती फिरवायचं पाणी तिथं भाकरीभोवती फिरवलं. मग दोघींनी घास घेतला. कालपासूनच्या भुकेला तो घास इतका गोड लागला, की धुरपदाबाईंना वाटलं, सगुणेलाही असाच लागला असेल.

तेवढ्यात फाटकापाशी स्कूटर थांबली. अनुपमानं फोन केला असावा. विश्वजीत आत आला आणि आईला मातीत बसलेली पाहून जागीच थांबला. रस्त्यावरनं दोघं-तिघं डोकावून गेले.

"आई, काय हे? लोक बघतात."

"बघू दे."

"घरी चल. उद्यापासनं मी तुला गाडीवर आणतो, ऐक आणि चल. पण असं इथं बसून…"

"तुझा पणजा इथंच बसला व्हता," धुरपदाबाई म्हणाल्या. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती. "आईच्या मांडीवर. इथली कांजी पिऊन जगला म्हणून तुझं दुकान हाय. आजपतुर तुला कुणी सांगितलं न्हाई. अनुपमाला विचार, ती सांगंल."

विश्वजीतनं ग्लॅडिसबाईंकडं पाहिलं. त्या खाली मान घालून भाकरी मोडत होत्या. मग त्यानं वर टांगलेल्या रुळाकडं पाहिलं. धुरपदाबाईंनी एक घास मोडून हात वर केला. तो बसला नाही. पण उभ्या उभ्या वाकून त्यानं घास तोंडात घेतला, आणि चावत चावतच परत स्कूटरकडं गेला.

स्मरणिका वैशाखात आली. अनुपमानं पान शोधून सासूला वाचून दाखवलं. आजोबांचा फोटो होता. छावणीला धान्य पुरवल्याचं वाक्य मात्र त्यातून गाळलं होतं. 'हे घराणे छपन्नच्या दुष्काळात कर्जतकडून पायी शिरूरला आले,' एवढंच होतं. कुठं जेवलं, ते नव्हतं.

"एवढं पुरं," धुरपदाबाई म्हणाल्या. "पायी आले, हे तरी आलं."

उन्हाळाभर त्या रोज जात राहिल्या. पावसाळ्यात दोघी चर्चच्या ओसरीवर बसल्या. भाकरी धुरपदाबाईंची, चिंचेचं लोणचं सिस्टरचं. एकादशीला सिस्टरही शेंगदाणे खायच्या. "तुमच्यापुढं बसून मासे खाल्ले तर गळ्यात काटा अडकेल," म्हणायच्या.

दिवाळी झाली आणि मनोऱ्याचं काम पुरं झालं. घंटा वर चढवल्याचं विश्वजीतनंच येऊन सांगितलं. "आता तुझी पायपीट संपली, आई."

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईंनी पडवीत पाट मांडला, ताट वाढून घेतलं. तिरीप कट्ट्यावर आली, आणि बिल्डिंगीवरून, मिक्सरवरून, सगळ्यांवरून घंटा आली. तीच जुनी, गोड. त्या शेवटचा ठोका विरेपर्यंत ऐकत राहिल्या. हात जोडले.

मग ताटातल्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि पायांत चपला सरकवल्या.

"आई, वाजली की," अनुपमा म्हणाली.

"ऐकली गं," धुरपदाबाई म्हणाल्या. "सिस्टरनं जागा झाडून ठिवली असंल."