अण्णांकडचा माणूस

होसकोट्याच्या रस्त्यावर चोविसाव्या किलोमीटरच्या दगडापाशी नागोजीचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रा, पाण्याचं घमेलं आणि रस्त्याकडेला उभा केलेला ट्रकचा एक टायर. त्या वळणावर वाहनांची चाकं जरा जास्तच बसत. खिळे नागोजी टाकत नसे. असं तो स्वतः सांगे, आणि शेजारचा चहावाला देवाप्पा म्हणे, टाकत असला तरी मी पाहिलेलं नाही.

अकरा वर्षं हे सुरळीत चाललं. मग सत्त्याण्णव सालच्या सुरुवातीला पेपरात जाहिरात आली, की सरकारी तेल कंपनीला या रस्त्यावर नवा पेट्रोल पंप द्यायचा आहे, जागा किलोमीटर चोवीस, इच्छुकांनी अर्ज करावेत.

"किलोमीटर चोवीस म्हणजे नेमकं कुठं?" नागोजीनं विचारलं.

"तू उभा आहेस तिथं," देवाप्पा म्हणाला. "स्वल्प डावीकडं सरक. हां. इथं टाकी पुरतील."

नागोजी डावीकडे सरकून टाकीच्या जागेवर थोडा वेळ उभा राहिला. जमीन सरकारची होती, आणि त्याच्याकडे कागद म्हणाल तर फक्त एक रेशनकार्ड होतं. पंप दुसऱ्या कुणाला मिळाला तर तो पहिल्याच दिवशी हे चार बांबू उपटणार. बरं, दुसरीकडे जावं तर विसाव्या किलोमीटरला आणि एकोणतिसाव्याला आधीच दुकानं होती, आणि ते लोक खिळ्यांच्या बाबतीत नागोजीइतके तत्त्वाचे नव्हते. एकच वाट उरत होती. प्रत्येक पंपाच्या कोपऱ्यात हवा भरायला आणि पंक्चर काढायला एक माणूस लागतोच. पंप आपला असला तर तो माणूस आपणच. थोडक्यात, नागोजीला पंप नको होता, कोपरा हवा होता. पण कोपऱ्याची जाहिरात निघत नाही.

"पण मला पेट्रोल विकता येईल का रे?" त्यानं विचारलं.

"त्यात अक्कल कुठं लागते?" देवाप्पा गाळणी झटकत म्हणाला. "माल सरकार देतं. भाव सरकार ठरवतं, निवडणुकीआधी तसाच ठेवतं, निवडणूक झाली की वाढवतं. तुला किती सुटायचे तेही सरकारच ठरवतं. विकणारा कुणाचा माणूस, एवढंच काय ते ठरायचं राहतं. शाळेत शिकवतात तेल जमिनीतून निघतं म्हणून. तेल निघत असेल. पंप दिल्लीतून निघतो."

"मी कुणाचा माणूस आहे?"

"ते तू बघ. माझ्याकडं चहा आहे."

अर्ज अण्णांनी भरला. अण्णा म्हणजे नागोजीचे थोरले भाऊ प्रतापराव. येलहंक्याला गुरांच्या एका डॉक्टरांकडे ते तीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर थकल्यामुळे हल्ली माडीवरच बसत आणि गाय हंबरली की वरून औषधाचं नाव सांगत. खालचं सगळं अण्णा बघत. नागोजी त्यांच्याच घरी राहत होता. अण्णांना फॉर्म भरायची फार आवड. 'पेट्रोलियम व्यवसायाचा अनुभव' या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'अकरा वर्षे गाड्यांच्या खाली.'

महिन्याभरानं मुलाखतीचं बोलावणं आलं.

बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या हातात पाकिटं होती, शिक्का मारलेली. एकानं तर हारही आणला होता, पण तो कुणाला घालायचा हे आत गेल्यावर ठरवणार होता. नागोजीनं नमुना म्हणून स्वतः चिकटवलेली एक ट्यूब आणली होती. ती कुणी मागितली नाही.

आत टेबलामागे तिघं होते. मधले अध्यक्ष, डावीकडचे फाईल उघडणारे, उजवीकडचे ती मिटणारे. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत कन्नडमध्ये विचारलं, "तुम्ही कुणाकडचे?"

हा प्रश्न नागोजीला ओळखीचा होता. लग्नाच्या पंगतीत विचारतात, मुलाकडचे की मुलीकडचे? घरच्यांचं नाव सांगायचं असतं. तो म्हणाला, "अण्णांकडचा."

डावीकडच्यांनी उजवीकडच्यांकडे पाहिलं. उजवीकडचे थोडे उठले आणि खुर्ची नीट करायला उठल्यासारखं करून परत बसले.

"अण्णांना माहीत आहे, तुम्ही आलात ते?"

"अर्ज अण्णांनीच लिहिलाय. त्यांचंच अक्षर आहे."

अध्यक्षांनी अर्ज दोन्ही हातांनी उचलला. "प्रकृती कशी आहे अण्णांची?"

"बरी आहे. गुडघा धरतो."

तिघांनीही मान हलवली. प्रत्येकाच्या मनात वेगळे अण्णा होते, पण गुडघा त्या सगळ्यांचाच दुखत असावा.

"अण्णांचं दिल्लीला जाणं असतं का?"

"छे. अण्णा कुठं जात नाहीत. ज्याला गरज असते तो येलहंक्याला येतो. पहाटे पाचपासून दारात रांग असते."

"कोण कोण येतं?"

"सगळे. जातपात बघत नाहीत अण्णा. जो येईल त्याच्या पाठीवरून हात फिरवतात, तोंड उघडून बघतात, मग ठरवतात."

फाईल मिटणाऱ्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. पेट्रोलबद्दल एकही प्रश्न आला नाही. "अण्णांना आमचा नमस्कार सांगा," अध्यक्ष म्हणाले. नागोजी 'सरी', म्हणजे बरं, असं म्हणून बाहेर आला आणि घरी जाऊन त्यानं नमस्कार सांगितला. अण्णांनी, कोण ते, म्हणून विचारलं. नागोजीला नावं माहीत नव्हती. तेव्हा अण्णा म्हणाले, मोठ्या लोकांना अजून रीतभात आहे म्हणायची.

यादी लागली, तर नागोजी पहिला. तो यादी वरून खाली वाचून गेला, मग खालून वर आला, तरी पहिलाच. का, हे त्याला काही उमगलं नाही. देवाप्पाला सगळं उमगलं. त्या दिवसापासून तो नागोजीला बघून उठून उभा राहू लागला आणि चहा आधीच्या दुप्पट गोड देऊ लागला.

"बोलला नाहीस कधी, अण्णांकडचा आहेस ते."

"अकरा वर्षं सांगतोय, घरी अण्णा वाट बघत असतील म्हणून."

"हो, पण कसं सांगत होतास? साधा अण्णा असल्यासारखं."

इकडे येलहंक्याला गुरांशिवाय येणारी माणसं वाढली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ मोटारीतून उतरले आणि एका म्हशीच्या मागे नंबर लावून उभे राहिले. नंबर आल्यावर अण्णांनी नेहमीसारखं विचारलं, "कधीपासून त्रास आहे?"

"दोन महिने झाले, अण्णा. आधी हातातून खात होते. आता जवळ गेलं की शिंगं उगारतात."

"किती आहेत?"

"बारा."

"कुठं ठेवलेत?"

"गावाबाहेर. एका बंगल्यात."

बंगल्यात गुरं ठेवणाऱ्याबद्दल अण्णांना आदर वाटला. "सगळी एकत्र ठेवू नका," ते म्हणाले. "बाकीची ज्याच्या मागं जातात तो एक ओळखा. त्याला वेगळा काढा, चांगली पेंड घाला. उरलेली आपोआप येतील. आणि तुमचं स्वतःचं पोट साफ दिसत नाही, डोळे बघा केवढे पिवळे. हे घ्या."

गृहस्थांनी औषध तिथंच उभ्यानं प्यायलं, अण्णांच्या पायाला हात लावला आणि गेले. आठवड्यानं पेपरात आलं की कुठल्याशा नगरपालिकेतले बारा बंडखोर नगरसेवक परत फिरले. अण्णा ते पान वाचत नसत. ते फक्त हवामान बघत.

मग दिल्लीतलं सरकार पडलं. त्या काळात ते अधूनमधून पडे. नवं आलं, आणि एका दुपारी नागोजीच्या दुकानापाशी जीप थांबली. चाकं शाबूत होती, त्यामुळे नागोजी घाबरला. खाली उतरले हयवदनराव, चौकशी अधिकारी, काखेत फाईल. देवाप्पानं बाक पुसून दिला.

"आदेश असा आहे," हयवदनराव बसून म्हणाले, "की जुन्या सरकारनं आपल्या माणसांना वाटलेले पंप रद्द करायचे. नव्या सरकारच्या माणसांना चुकून मिळाले असतील ते कायम करायचे. तुमच्या कागदावर नुसतं 'अण्णांकडचा' असं आहे. कुठले अण्णा?"

"माझे."

"सगळेच तसं म्हणतात. जुन्या सरकारात तीन अण्णा होते. नव्यात दोन आहेत. एक अण्णा जुन्यात होते ते एप्रिलमध्ये नव्यात आले. तुम्ही त्यांचे असाल तर तुमचा पंप मार्चपर्यंत रद्द आहे, एप्रिलपासून कायम."

"प्रतापराव," नागोजी म्हणाला. "माझा सख्खा भाऊ. येलहंक्याला गुरांकडं कंपाउंडर."

हयवदनरावांनी पेन खाली ठेवलं. "राजकारणात नाहीत?"

"मत देतात."

"मग पंप कुणी दिला तुम्हांला?"

"तुमच्याच मंडळानं. मी उत्तरं दिली."

"बरोबर?"

"सगळी खरी."

हयवदनरावांनी फाईलमधला तक्ता उघडला. "असं लिहिता येत नाही हो," ते म्हणाले. "माझ्या तक्त्यात दोन रकाने आहेत, जुने आणि नवे. कुणाचाच नसलेला माणूस पहिला आला, म्हणजे केवढा मोठा घोटाळा झाला असेल."

"तिसरा रकाना आखा की."

"आखला तर उद्या सगळेच त्यात येऊन बसतील." ते पुढे झुकले. "हे बघा, नव्यातल्या दोघांपैकी एक सांगा. मी लिहितो. सोमवारी पंप तुमचा."

"आणि हे सरकार पडलं तर?"

"ते माझ्या खात्याकडं नाही."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"रद्द. परत जाहिरात. जो येईल तो ही जागा मोकळी करून घेईल." हयवदनरावांनी चारही बांबूंकडे एकेक करून पाहिलं. "परवा ऑफिसात या."

संध्याकाळी नागोजीनं अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा मोरीवर हात धूत होते. ऐकता ऐकता त्यांनी तीनदा साबण लावला.

"म्हणजे ती माणसं गुरांसाठी येत नव्हती?"

"नाही, अण्णा."

"मी त्या पांढऱ्या कपड्यांवाल्याला जंताचं औषध दिलं, नागू."

"त्यानं घेतलं?"

"माझ्यासमोर. वासराचा डोस."

मग नागोजी म्हणाला, "एक नाव सांगून टाकू का? नुसतं तोंडानं म्हणायचं. दुकान राहतंय."

"सांग," अण्णा म्हणाले. "पण मग मी कोण? बावन्न वर्षं मी या घरात अण्णा आहे. तुला सायकल मी शिकवली. आता तू दुसऱ्याच कुणाला अण्णा म्हणून सरकारी कागदावर लिहून देणार." ते रागावले नव्हते, फक्त टॉवेल शोधत होते. तो त्यांच्या खांद्यावरच होता. "मी येतो परवा. मला बघू दे त्यांना. फॉर्म मी भरतो."

तिसऱ्या दिवशी दोघं हयवदनरावांच्या ऑफिसात गेले. अण्णांनी फॉर्म घेतला, झटकला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'अण्णांचे नाव: प्रतापराव. पक्ष: थोरला भाऊ.' हयवदनरावांनी वाचलं आणि दुःखी होऊन रद्दचा शिक्का शोधायला खण उघडला. नागोजीला एकदम बांबू दिसायला लागले.

तेवढ्यात व्हरांड्यातून मोठा घोळका चालला होता. त्यातून ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले गृहस्थ थबकले, आत आले आणि सगळ्यांदेखत अण्णांच्या पायाला हात लावते झाले.

"अण्णा, औषधानं तीन दिवस उठू दिलं नाही," ते म्हणाले, "पण चौथ्या दिवसापासून दहा वर्षांनी लहान झालोय."

"पाणी भरपूर प्या," अण्णा पडल्या आवाजात म्हणाले.

घोळका गेला. त्याबरोबर हयवदनरावांच्या चेहऱ्यावरचा रंगही गेला. त्यांनी शिक्का हळूच खणात ठेवला. पक्षाच्या रकान्यात 'थोरला भाऊ' लिहिणारा माणूस एकतर खरंच कंपाउंडर असणार, नाहीतर एवढा वरचा असणार की त्याला पक्षाची गरजच नाही. चुकीचा शिक्का मारला तर आपली बदली कुठं होईल याचा त्यांनी हिशेब केला, आणि फाईलवर लिहिलं: 'कोणते अण्णा याचा निर्णय दिल्लीहून येईपर्यंत किलोमीटर चोवीस येथे जैसे थे.'

"म्हणजे पंप मिळाला की गेला?" नागोजीनं विचारलं.

"दोन्ही नाही."

"आणि दुकान?"

"दुकानाला आता कुणी हात लावायचा नाही. कंपनीनं नाही, तहसीलदारानं नाही." हयवदनरावांनी पेनाला टोपण घातलं. "तुम्हीसुद्धा नाही."

परतीच्या बसमध्ये नागोजी आपण जिंकलो का याचा विचार करत होता. अण्णांना विचारावं, तर ते पाणी भरपूर प्या असं आपण का म्हणालो याचा विचार करत होते.

पाऊसकाळात उजवीकडचा पुढचा बांबू बुडाशी कुजला. नागोजी नवा घेऊन आला, पण देवाप्पानं त्याला थांबवलं. जैसे थे म्हणजे जैसे थे, आणि बांबू बदलला की ते थे राहत नाही. नागोजीनं हयवदनरावांना विचारलं. ते म्हणाले, जागा सध्या पेट्रोलियम खात्याच्या विचाराधीन असल्यामुळे बांबूची परवानगी दिल्लीहून आणावी लागेल. अण्णांनी दिल्लीला सुंदर अक्षरात अर्ज केला. तो पोहोचेपर्यंत ते सरकारही पडलं.

त्यामुळे नागोजी डाव्या हातानं बांबू धरून उजव्या हातानं पंक्चर काढायला शिकला. टायर उघडायला मात्र दोन्ही हात लागत. त्या वेळी तो ट्रकवाल्याला म्हणे, "स्वल्प हा धरा." ट्रकवाला, हे काय म्हणून विचारी. मग नागोजी सांगायला लागे, आणि सगळं सांगून होईपर्यंत चाक तयार झालेलं असे. ट्रकवाले शांतपणे ऐकून घेत. बांबू हातात असलेल्या माणसाला निघून जाता येत नाही.