धुक्यावरचे शिक्के

चीनमधल्या आमच्या सूचौ शहरातल्या गू शिहानला मोतीबिंदू झाला, तेव्हा त्याने शेवटचं चित्र हाती घेतलं. खाली नदी, वर डोंगर, डोंगराकडे निघालेली पायवाट आणि मधे हातभर धुकं. धुकं म्हणजे कोरा कागद. तिथे कुंचला टेकवायचा नाही, एवढंच काम. त्याला तीन वर्षं लागली.

"हे कोरंच राहू दे बाबा," तो मला म्हणाला. "डोळे गेल्यावर मला एवढंच दिसणार आहे. शिवाय तो निराकार ताओ राहतो म्हणतात, तो इथेच. भाडं देत नाही, पण कटकटही नाही त्याची."

चित्र घेतलं निवृत्त न्यायाधीश फेइसाहेबांनी. मध्यस्थ मी. चित्र ज्याच्या घरी जातं त्याने, आणि मानाच्या पाहुण्यांनीही, त्यावर आपला शिक्का उमटवायचा, ही आमच्याकडची रीत. म्हणून धुकं कोरं ठेवायचं वचन मी आधीच मागितलं. साहेब दुखावले.

"अहो, मी अकर्माचा उपासक! मी काहीसुद्धा करणार नाही."

साहेबांनी शब्द पाळला. फक्त चित्र दाखवायला खेकड्यांची मेजवानी दिली आणि पाहुण्यांना अडवलं नाही.

पहिल्या पाहुण्याने धुक्यावर शून्याची थोरवी गाणारी कविता लिहिली. दुसऱ्याने मौनावर लिहिली; ती जरा लांबली. मग लाल शिक्के बसू लागले. तेवीस मी मोजले. पायवाट धुक्यात शिरते तिथे अंगठ्याएवढी जागा उरली.

"तुम्ही काय परके?" साहेब मला म्हणाले. "उमटवा की!"

मोठी माणसं बघत होती. माझा शिक्का तसा लहानच आहे.

महिन्याभराने साहेबांनी गूला कौतुकाने बोलावलं. हात धरून मीच नेलं. त्याला आता उजेडाखेरीज काही दिसत नव्हतं.

"गुरुजी, तुमच्या रिकाम्या जागेचं सोनं झालं!" साहेब म्हणाले.

गूने धुक्यावरून बोट फिरवलं. शिक्क्यांचा वाळलेला लाल लगदा बोटाला खडबडीत लागला.

"गर्दी आहे," तो म्हणाला.

"सगळी आपलीच माणसं!"

बोट पायवाटेवरून सरकत टोकाशी आलं आणि थांबलं. तिथल्या शिक्क्याचा एक कोपरा तुटका होता. माझ्या पन्नाशीला गूने स्वतः कोरून दिलेला शिक्का. कोरताना सुरी निसटली होती.

त्याने बोट उपरण्याला पुसलं.

"अजून वापरतोस वाटतं," म्हणाला, आणि घरी जायला साहेबांच्या नोकराचा हात मागितला.