बिनखिळ्याचा पाट

श्यामसुंदर कर्णिकांनी पाट उचलून खांद्याला लावला. स्मितानं तो आपल्या जुन्या सुती साडीत तान्ह्या बाळासारखा गुंडाळून दिला होता.

"एकदा उघडून बघतो."

"आता कशाला? देवाचं आसन आहे, किती उलटंपालटं करायचं," म्हणत तिनं गाठ आणखी आवळली. तिच्यामागे कॅलेंडर पिठाच्या डब्याला टेकून उभं होतं, कालपासून. स्वयंपाकघराच्या पिवळ्या भिंतीतला खिळा निघाला, एवढंच ती म्हणाली होती.

पाटात मात्र खिळा नव्हता. स्क्रू नव्हता, गोंदही नव्हता. रिटायर झाल्यावर लोक योगासनांकडे वळतात. कर्णिक घर्षणाकडे वळले. लाकडी खुंटी ड्रिल मशीनमध्ये पकडायची आणि तिच्याहून बारीक भोकात गरगरा फिरवत दाबायची. धूर निघतो, लाकूड आतून वितळल्यासारखं होतं आणि मशीन थांबलं की दोन्ही लाकडं एकजीव. संसारात याला वर्षं लागतात. शत्रू एकच, पाणी. सुरुवातीचे सांधे बादलीत सुटले. मग कर्णिकांनी खुंटीला राळ चोळली आणि नवा तुकडा आठवडाभर बुडवून ठेवला. तो ढिम्म हलला नाही. तो आठवडा स्मितानं पातेल्यातून आंघोळ केली.

त्यानंतरच तिनं बजावलं होतं, "गोटीरामशेठच्या गणपतीखाली हा पाट सुटला, तर मशीन भंगारात. बाल्कनीत मी तुळस ठेवणार."

कर्णिक हसून हो म्हणाले. हरणारच नाही अशी पैज माणूस हसूनच घेतो.

गोटीरामशेठ कोपरखैरणे गावातले; तलावावरच्या विसर्जनाचा कारभार त्यांच्याकडे. गेल्या वर्षी त्यांच्याच गणपतीच्या पाटाखालची पट्टी पाण्यात निसटली होती आणि देव जरा घाईनं गेले होते. यंदाचा पाट त्यांच्या पत्नीनं, गोजराबाईंनी, दारातच हातात घेतला आणि साडीसकट देवघरात नेला.

पाचव्या दिवशी सगळे तलावावर जमले.

"काका, पाट सुटला तं देवासंगती तुमी पन जाल," गोटीरामशेठ म्हणाले.

"मला पोहता येतं."

पोरं छातीभर पाण्यात शिरली. मूर्ती तीनदा वरखाली झाली आणि गेली. पाट परत आला, वर मूठभर वाळू घेऊन. वाळू ताम्हनात काढून गोटीरामशेठनी पाट गुडघ्यावर आपटला. मग उलटा केला.

"काका, बिनखिल्याचा बोलले व्हते ना तुमी?"

आसपासची माणसं हसली. एका पट्टीत खिळा होता. कर्णिकांनी चिमटीत धरला तर तो अलगद निघून आला. पट्टीतच वाकला होता बिचारा, वरच्या फळीपर्यंत पोचलाच नव्हता. त्यानं काहीच धरून ठेवलेलं नव्हतं. धरलं होतं ते खुंट्यांनी. दोन वाक्यांत सगळं सिद्ध करता आलं असतं. कर्णिकांनी तोंड उघडलंही.

खिळ्याच्या डोक्यावर पिवळा ऑइलपेंट होता.

स्मिता आरतीचं तबक घेऊन उभी होती आणि तलाव आजच खणल्यासारखी त्याच्याकडे बघत होती.

"मीच मारला," कर्णिक म्हणाले. "मनाची समजूत."

"तेच बोलतो मी. खिल्याबिगर काय टिकतं काय? पुढल्या वर्साला मंडलाचे सगले पाट तुमीच करा. पन खिला मारून."

"मारू की," कर्णिक म्हणाले.

घरी जाताना सोसायटीच्या गेटाशी स्मिता म्हणाली, "मशीन राहू दे बाल्कनीत. तुळस काय, खिडकीत पण येते."

घरात शिरल्यावर कर्णिकांनी हातोडी काढली आणि खिशातला खिळा उंबऱ्यावर ठेवून सरळ केला. भिंतीतल्या जुन्या भोकात तो सैल बसत होता, म्हणून त्याला थोडी राळ चोळली, ठोकला आणि कॅलेंडर टांगलं.

"टिकेल ना?" स्मितानं ओट्याजवळून विचारलं.

"टिकेल. हा मीच मारलाय."