दोरीआडची खुर्ची

आमच्या सलूनचं छप्पर झडायला लागलं, तेव्हा त्याची पहिली खबर एका गिऱ्हाइकाच्या टकलावर येऊन पडली. बिचारा तोंडाला साबण लावून, डोळे मिटून निवांत होता. वरून गिलाव्याचा भलामोठा पोपडा सुटला तो थेट त्याच्या डोक्यावर. "हे काय घातलंत?" त्यानं विचारलं. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "नवीन पावडर आली आहे, साहेब. थंडावा देते." तो म्हणाला, "हां, जरा गार वाटतंय खरं." मी म्हणालो, "वाटणारच."

तर असा मी. हातात वस्तरा असताना समोरच्याला नाही म्हणायचं नाही, हे मी धंद्यात पडल्यापासून पाळत आलोय. एक म्हणाला उकडतंय, तर उकडतंय. दुसरा म्हणाला गारठा आहे, तर गारठा. एकाच सकाळी दोन पक्षांच्या पुढाऱ्यांची दाढी करून दोघांनाही "यंदा तुम्हीच" असं सांगून मोकळा झालोय. बायको म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही. मी तिलाही हो म्हणतो.

दुकानात मी आणि माझा धाकटा भाऊ. मी रस्त्याकडच्या खुर्चीवर, तो आतल्या खुर्चीवर, पाठीला पाठ लावून. धाकटा कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप. मी दिवसभर गप्पांचा रतीब घालायचो आणि मागून त्याच्या कात्रीचा आवाज यायचा. लोक चेष्टेनं म्हणायचे, मोठा डोकं खातो आणि धाकटा केस कापतो. मला त्यात माझं कौतुकच वाटायचं.

दुकान फार जुनं. वडिलांनी घेतलं तेव्हाही जुनंच होतं. बाहेर हिरव्या फरशा, दारावर रंगीत काचांची कमान, आत भिंतभर आरसे, संगमरवराचा लांब ओटा, पितळी नळ. धाकटा म्हणाला, "दादा, वर पत्रे टाकून घेऊ या." मी म्हणालो, "पत्रे? अरे, ही वास्तू आहे!" हा शब्द मी नुकताच हेडमास्तरांकडून उचलला होता. हेडमास्तर म्हणजे आमचे रोजचे पाहुणे. निवृत्त झालेले, डोक्यावर केस औषधालाही नाही, पण पेपर वाचायला आमच्याच बाकावर. त्यांनीच वाचून दाखवलं होतं की जुन्या इमारती जतन करायला आणि लोकांना दाखवायला सरकार अनुदान देतं. अर्जही त्यांनीच लिहिला. मी फक्त सही केली आणि गावभर सांगत सुटलो.

मग वारसा खात्याच्या बाई पाहणीला आल्या. हातात टॅब, गळ्यात कॅमेरा, बोलणं नेमकं. धाकटा आपल्या खुर्चीवर कोणाचे तरी केस कापत होता. मी बाईंच्या मागेपुढे.

"हे आरसे मूळचेच?"

"मूळचेच, मॅडम."

"नळ?"

"तर! तेही."

"आणि या दोन्ही खुर्च्या?"

आता खरी गोष्ट सांगतो. माझी खुर्ची दुकानाबरोबर आलेली. धाकट्याची मात्र त्यानं स्वतः जमवलेली. एका दंतवैद्यानं दवाखाना बंद केला, तेव्हा त्याची खुर्ची भंगारात चालली होती. ती धाकट्यानं ओढत आणली, गंज घासून काढला, नवं चामडं शिवून घेतलं आणि पायदान म्हणून शिलाई मशीनचं जाळीदार लोखंडी पायडल बसवलं. महिनाभर खपला होता त्यावर. आम्ही सगळे हसलो होतो. पण त्या खुर्चीत एकदा बसलेला माणूस पुन्हा माझ्या खुर्चीकडे फिरकत नसे, इतकी ती मानेला बरी होती.

"ही तर फारच दुर्मिळ दिसते," बाई पायदानाकडे वाकून म्हणाल्या. "ही इमारतीइतकीच जुनी असणार."

माझ्या तोंडून निघून गेलं, "इमारतीबरोबरच आली, मॅडम. शंभर टक्के."

मागे कात्री थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली. धाकटा काही बोलला नाही, आणि तो बोलत नाही म्हणजे त्याचं काही म्हणणं नाही, असा माझा आयुष्यभराचा हिशेब.

अनुदान मंजूर झालं. छप्पर असं झालं की मी गिऱ्हाइकांना माना वर करायला लावून दाखवायचो. गळे चिरायचे तेवढे बाकी राहिले. पण मंजुरीबरोबर अटी आल्या. सलून चालू राहिलं पाहिजे, म्हणून साधी खुर्ची वापरात ठेवायला हरकत नाही. दुर्मिळ खुर्ची मात्र दोरीआड जतन करायची, तिच्यावर कोणी बसायचं नाही. शिवाय प्रसार करायचा, म्हणजे लोकांना दुकान दाखवायचं आणि माहिती द्यायची. थोडक्यात, माझी खुर्ची मला राहिली आणि धाकट्याची खुर्ची लाल मखमली दोरीच्या पलीकडे गेली. त्याला मी मोरीजवळच्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची दिली. वर म्हणालो, "इथे पाणी जवळ पडेल तुला."

काही दिवसांनी दुकान बंद करताना तो म्हणाला, "दादा, बाईंना सांग ना. ती माझी खुर्ची आहे. मूळची नाही."

"आता सांगू? अरे, सगळं अनुदान परत मागतील. छप्पर काय उतरवून देणार आहेस?"

"माणसांच्या माना अवघडतात रे या प्लास्टिकवर."

"होते सवय."

त्यानं दोरीकडे पाहिलं आणि दिवे मालवले. त्याआधी धाकट्यानं माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. तरी मी काय केलं? घरी जाऊन व्यवस्थित जेवलो.

कारण माझं चांगलं चाललं होतं! लोक यायला लागले होते. मी कात्री ठेवून हातात काठी घेतली आणि काठीनं वस्तू दाखवायला लागलो. एक बाई म्हणाल्या, "या खुर्चीत एखादा सेनापती बसला असेल, नाही?" मी म्हणालो, "बसला होता की." पुढच्या गटाला सेनापती मी आपणहून दिला. त्याच्या पुढच्या गटापर्यंत सेनापतीची दाढही दुखायला लागली होती. आपल्या थापा आपल्यालाच खऱ्या वाटायला लागल्या की माणसानं समजावं, आपलं काही खरं नाही. मला ते समजलं नाही.

मग एका शाळेची सहल आली. पोरांची ही गर्दी. धाकटा कोपऱ्यात एकाचे केस कापत होता. पोरं त्याच्या कोपराला धडकत होती, त्याला हात थांबवावा लागत होता. मी रंगात आलो होतो. काठी त्याच्याकडे वळवून म्हणालो, "आणि हा आमचा धाकटा. हाही इथला मूळचाच. याच्यावरही कोणी बसू नका हं!"

पोरं खो खो हसली. शाळेच्या बाई हसल्या. गिऱ्हाईकसुद्धा हसलं. धाकट्यानं हातातलं डोकं पुरं केलं, मान झटकून दिली, आरसा दाखवला. मग कात्र्या पुसल्या, कापडात गुंडाळल्या आणि निघाला. दारातून वळून बघितलंही नाही. मी पोरांना म्हणालो, "चहाला गेला."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. थोड्याच दिवसांत कळलं, मागच्या गल्लीत त्यानं एक शटरवालं दुकान भाड्यानं घेतलंय. मी म्हणालो, "घेऊ दे. बोलता येत नाही त्याला, किती दिवस टिकेल?" आधी त्याची गिऱ्हाइकं गेली. मग माझीही जायला लागली. हेडमास्तरांनी पेपरसुद्धा तिकडे न्यायला सुरुवात केली. मी जाब विचारला तर म्हणाले, "तिथे हसायला मिळतं." मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

आमच्याकडे उरले ते बघे. बघे केस कापत नाहीत, फोटो काढतात. एका दुपारी मी माझ्याच खुर्चीत बसल्या बसल्या पेंगलो. एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "पुतळा किती हुबेहूब केलाय हो!" आणि मी डोळे न उघडता सवयीनं म्हणालो, "हो ना." त्या बाई किंचाळत रस्त्यापर्यंत गेल्या.

घरी हे सांगितल्यावर बायको हसली नाही. म्हणाली, "जा आणि भावोजींची समजूत काढून घेऊन या. नाहीतर त्या दोरीच्या आत तुम्हीच जाऊन बसा."

ती रागानं बोलली असती तर मी विसरलो असतो. ती अगदी साधेपणानं बोलली. त्या रात्री मला खरंच भीती वाटली की भाऊ गेला.

वारसा खात्याच्या बाई वर्षाच्या पाहणीला आल्या, तेव्हा दुकानात चिटपाखरू नव्हतं. त्यांनी छप्पर पाहिलं, ओटा पाहिला. "तुमचे भाऊ?" "सुट्टीवर." मग त्या दोरीपाशी थांबल्या. "आम्ही पुस्तिका छापतोय. मुखपृष्ठावर ही खुर्ची घ्यायची म्हणतोय. सगळे म्हणतात, हीच या दुकानाची शान. मूळचीच आहे ना?"

जीभ हो म्हणायला टाळूला लागलीसुद्धा होती. मी म्हणालो, "नाही."

"काय म्हणालात?"

"नाही म्हणालो, मॅडम. ती माझ्या भावाची आहे. दंतवैद्याच्या भंगारातून आणलेली. पायदान शिलाई मशीनचं. सेनापती वगैरे कोणी नव्हतं. मी खोटं बोललो."

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. "दंतवैद्याची असेल असं मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही इतकं छातीठोक सांगितलंत की मला माझीच शंका आली."

"आता छप्पर काढून नेणार का?"

"छप्पर कसं काढून नेतील हो? नोंद बदलावी लागेल. तुम्हाला कडक ताकीद येईल, आणि ती यायलाच हवी." त्यांनी दोरीची कडी स्वतः काढली. "हे पहिल्याच महिन्यात सांगितलं असतंत तरी एवढंच झालं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढंच! एवढ्यासाठी मी सख्ख्या भावाला मोरीच्या कोपऱ्यात उभं केलं होतं.

भाजीवाल्याची ढकलगाडी मागून घेतली, चार लोकांच्या हातापाया पडून खुर्ची तिच्यावर चढवली आणि मागच्या गल्लीत निघालो. वाटेत वाक्य घोकत होतो. चुकलं माझं, घरच्या दुकानात परत चल. चुकलं माझं, परत चल.

दुकानाजवळ पोचलो तर आतून हसण्याचा गदारोळ. मी गाडी थांबवली. आत कोणीतरी गोष्ट सांगत होतं. कुठल्याशा नवरदेवाची मिशी, आणि ती कोरता कोरता बोलण्याच्या नादात एक बाजूच साफ करून टाकणारा न्हावी. नकला काय, मधेच थांबणं काय! अहो, मी जन्मभर बोललो, पण असा थांबायला मला कधी जमलं नाही. आवाज ओळखीचा होता आणि ओळखू येत नव्हता.

तो धाकटा होता.

मी तिथेच उभा राहिलो. इतकी वर्षं तो माझ्या पाठीला पाठ लावून उभा होता आणि मला वाटायचं, याच्यापाशी बोलण्यासारखं काही नाही. मी त्याला कधी मधे जागाच दिली नव्हती. फार वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, त्याच वेळी हसूही येत होतं, कारण मिशी भादरणारा तो न्हावी मीच होतो.

काचेतून त्यानं मला पाहिलं. गोष्ट तुटली. हात पुसत तो बाहेर आला, खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न्यायला आलास दादा?"

वाक्य तोंडाशी होतं. मी म्हटलं असतं तर तो आला असता, मला ठाऊक आहे. माझा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.

"नाही रे," मी म्हणालो. "तुझी खुर्ची द्यायला आलो. चुकलं माझं."

त्यानं खुर्चीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "धर तिकडून. पाठ सांभाळ."

दोघांनी मिळून ती आत नेली. जागा अपुरी होती, बाक सरकवावं लागलं. हेडमास्तर पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "अरे, पण त्या नवरदेवाचं पुढे काय झालं?"

धाकट्यानं जुन्या सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी हेडमास्तरांशेजारी बाकावर टेकलो.

"सांग की," मी म्हणालो.

तो सांगायला लागला. त्यात मी होतो, आणि चांगलाच गाढव होतो. दोन ठिकाणी त्यानं तिखटमीठही लावलं. मी शेवटपर्यंत मधे तोंड घातलं नाही.